नवमीचा उपास

मांजरेच्या काठी आंबेसावळी नावाचं गाव आहे. गावाच्या उगवतीला, नदीच्या उंच दरडीवर, श्रीकृपागिरी महाराजांचा मठ होता. महाराज त्या वेळी पन्नाशीच्या पुढे असतील. अंगावर एक छाटी, बोलणं थोडं, जेवण त्याहून थोडं. मठात त्यांनी एक धान्याची कोठी ठेवली होती. गावातल्या बायाबापड्यांनी दळणाला बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढावं, मठात आणून टाकावं, आणि ज्याच्या घरी उणं पडेल त्यानं तिथून न्यावं, एवढाच महाराजांचा शब्द होता. कोण देतं आणि कोण नेतं हे त्यांनी कधी विचारलं नाही.

पुढे कोठीचा व्याप वाढला. गावातले धान्याचे मोठे व्यापारी त्रिंबकशेट आपणहून ती व्यवस्था पाहू लागले. पोत्यांनी धान्य तेही देत. मात्र फुकट दिलं तर माणसं आळशी होतात, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी स्वतःचा एक नियम घातला. धान्य हवं असेल त्यानं कोठीच्या पायरीवर उभं राहून, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात, काय हवं आणि का हवं ते सांगायचं. महाराजांच्या कानावर हे आलं होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. ते काही बोलले नाहीत. संतांच्या गप्प बसण्यालाही वेळ असते.

याच गावात कोष्टी आळीत भागीरथी राहत होती. तिचा नवरा लिंबाजी हा चांगला विणकर. त्याच्या हातची लुगडी पंचक्रोशीत जात. पण गिरणीचं कापड आलं, सूत मिळेनासं झालं आणि लिंबाजीचा माग थांबला. काही महिने इकडेतिकडे मजुरी करून तो गिरणीच्या गावी काम शोधायला निघून गेला. नदीच्या उतारापर्यंत भागीरथी त्याला पोचवायला गेली होती. "हातात काम आलं की तुम्हाला न्यायला येतो," असं म्हणून तो पाण्यात उतरला आणि पलीकडच्या वाटेनं दिसेनासा झाला. एकदा एका वाटसरूनं निरोप आणला, की लिंबाजी सुखरूप आहे, अजून काम लागलेलं नाही. त्यानंतर काहीच कळलं नाही.

घरात म्हातारी सासू म्हाळसाबाई, भागीरथी आणि तिची लहानगी मुलगी बनू. पहाटे जाग आली की भागीरथीला क्षणभर वाटायचं, मागाचा आवाज येतोय. ती उठून बसायची. मागाच्या खड्ड्यात अंधार असायचा. मग ती दाराशी येऊन नदीपलीकडच्या वाटेकडे बघत उभी राहायची.

भागीरथी महाराजांची निस्सीम भक्त. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची मूठ कधी चुकली नव्हती. आता घरातलं धान्य खाली जाऊ लागलं, तरी तिनं मूठ सोडली नाही. एक दिवस सासू म्हणाली, "भागे, मठात जाऊन थोडी ज्वारी घेऊन ये गं. ज्या कोठीत आपण टाकलं, तिथून आणायला लाज कसली?"

"टाकणारीचा हात वेगळा असतो आत्याबाई," भागीरथी म्हणाली. "आणि आपल्याकडे आहे अजून. कोठी नडलेल्यांसाठी आहे."

"आपण नडलेलो नाही का?"

"अजून नाही."

हे 'अजून नाही' दर आठवड्याला पुढे सरकत गेलं. दोन वेळच्या भाकरीची एक वेळ झाली, तेव्हा तिला वाटलं, पुष्कळ घरं एका वेळेवर राहतात. भाकरीच्या जागी कण्यांची पेज आली, तेव्हा वाटलं, म्हातारीला दात नाहीत, पेजच बरी. घरातलं पितळ एकेक करून गेलं, तेव्हा वाटलं, भांडी काय, हे परत आले की पुन्हा घेतील. घरात उपासाचे वारही वाढले. आधी सोमवार होताच, मग गुरुवार आला, शनिवार आला, मग संकष्टी. म्हाळसाबाईही सुनेचं पाहून उपास धरू लागल्या. शेजारणी म्हणत, नवरा परगावी गेल्यापासून भागीरथीचं देवाचं फार वाढलंय. भागीरथी हसून मान हलवायची. तिच्या मनात एक भीतीही होती. उद्या लिंबाजी परत आला आणि त्याला कळलं, की आपल्या बायकोनं पायरीवर उभं राहून त्याच्या घरची भूक गावाला ओरडून सांगितली, तर त्याला काय वाटेल?

आणि मग एक सकाळ अशी आली. बनू रोज उठली की आईच्या पदराला धरून खायला मागायची. त्या दिवशी ती उठली, भिंतीला टेकून बसली आणि गप्प राहिली. भागीरथीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनंच विचारलं, "बने, भूक लागली नाही का?" मुलीनं आईच्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवून नाही म्हणाली.

लेकरू रडलं असतं तर भागीरथीनं सोसलं असतं. पण ते मागायचं थांबलं, हे तिला सोसेना. ती उठली. मडक्यात शेवटची मूठभर ज्वारी होती. देवाच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणून ती मूठ तिनं पदराच्या टोकाला बांधली. आधी मूठ टाकायची आणि मग मागायचं, असं ठरवून ती मठात गेली.

कोठीपुढे गर्दी होती. एक म्हातारा पायरीवर उभा राहून थरथरत्या आवाजात आपली कथा सांगत होता. भागीरथी मागे उभी राहिली. महाराजांच्या खोलीचं दार बंद होतं. ते आत ध्यानाला बसले होते. एकदा नुसतं दार उघडावं, त्यांची नजर पडावी, मग बोलायला बळ येईल, असं तिला फार वाटलं. ती त्या दाराकडे बघत राहिली आणि बघता बघता तिची पाळी आली.

त्रिंबकशेट गादीवर रेलून म्हणाले, "काय भागीरथी, मूठ टाकायला ना?"

तिच्या ओठांपर्यंत शब्द आले होते. शेटनी तिच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जमलेल्या लोकांकडे वळून हसत म्हणाले, "की सगळे उपास सुटले आणि आता भूक लागली? मागायचं असेल तर मोठ्यानं माग बाई. भुकेल्याला लाज नसते. लाज वाटत असेल, तर भूक खरी नाही."

दोघेचौघे हसले. भागीरथीनं पदराची गाठ सोडली, शेवटची मूठ कोठीच्या टोपल्यात रिकामी केली, महाराजांच्या बंद दाराला हात जोडले आणि ती मुकाट्यानं घरी गेली.

आता काय घडलं ते ऐका. त्या दिवशी आलेलं धान्य दळून मठात नैवेद्याच्या भाकरी झाल्या. माध्यान्हीला महाराज पानावर बसले. रोज त्यांचं जेवण म्हणजे चतकोर भाकरी आणि वाटीभर ताक. त्या दिवशी चतकोर संपली आणि महाराज म्हणाले, "आणखी वाढ." सेवेकऱ्यानं भाकरी वाढली. "आणखी." दुरडी रिकामी झाली. आमटीचं पातेलं संपलं, भाताची परात संपली. सेवेकऱ्यांनी पुन्हा चूल पेटवली. महाराज घासामागून घास घेत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर तृप्तीचं चिन्ह नव्हतं. उलट डोळे ओलसर झाले होते. "पोट भरत नाही रे," ते पुन्हापुन्हा म्हणत होते. "आज या अन्नात कुणाची तरी भूक मिसळली आहे."

पंगतीत त्रिंबकशेट होते. उपरण्याआड तोंड लपवून ते शेजाऱ्याला म्हणाले, "इतकी वर्षं मिताहारी म्हणवत होते. आता खरी भूक बाहेर पडली."

महाराजांनी वर पाहिलं. "त्रिंबका, ये. माझ्या पानातला हा घास घे."

प्रसाद नाकारायचा कसा? शेटनी तो कोरडा तुकडा तोंडात टाकला आणि गिळला. त्याच क्षणी त्यांच्या पोटात कळ उठली. नुकते पोटभर जेवलेले शेट, पण महिनाभर अन्न न मिळाल्यासारखं त्यांचं आतडं पिळवटलं. ते तसेच उठून घरी गेले. बायकोला म्हणाले, "वाढ." तिनं होतं नव्हतं ते सगळं वाढलं. शेट खात राहिले, आणि घास घशाखाली उतरला की जणू नाहीसा होत होता. घरात धान्याच्या थप्प्या छताला लागलेल्या. त्यांच्याकडे बघून त्या माणसाला रडू कोसळलं.

दिवस कलता कलता ते भिंतीचा आधार घेत मठात आले. महाराजांना म्हणावं, मला खायला द्या, वाचवा, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते कोठीच्या पायरीवर चढले. समोर लोक बसलेले होते. शेटनी तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत, एवढंच त्यांना जाणवत होतं. ते पायरीवरून खाली उतरले आणि परत फिरले.

"मागता येईना ना?" मागून आवाज आला. महाराज काखेला झोळी लावून उभे होते. "भूक खरी नसेल तुझी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "चल, ही भूक जिथं राहते तिथं जाऊ."

दोघे कोष्टी आळीत आले. भागीरथी दाराच्या चौकटीला टेकून पलीकडच्या वाटेकडे बघत होती. ऊन नदीवर उतरलं होतं आणि वाटेवर कुणीही नव्हतं. महाराजांना बघताच ती धावत पुढे आली, पायांवर डोकं ठेवलं आणि मग त्रिंबकशेटना पाहून तिनं पदर पुढे ओढला.

महाराज आत जाऊन बंद मागाच्या खड्ड्याच्या काठावर टेकले. म्हणाले, "माय, फार भूक लागली आहे. काहीतरी खायला दे."

भागीरथीचा चेहरा पांढरा पडला. ज्यांच्या दर्शनासाठी सकाळी जीव तळमळला, ते आपण होऊन घरी आले आणि घरात दाणा नाही. ती खाली मान घालून म्हणाली, "महाराज, आज आमच्याकडे एकादशी आहे. चूल पेटवली नाही."

"आज नवमी आहे, बाळ," महाराज हळूच म्हणाले.

मग तिला धीर धरवेना. कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीनंही डोळ्यांना पदर लावला. भागीरथी रडत रडत म्हणाली, "कधी यायचं ते मला कळलंच नाही, महाराज. ज्वारी होती तोवर लाज वाटायची. संपली तेव्हा तोंडातून शब्द निघेना. सारखं वाटायचं, ते आज येतील, उद्या येतील. आणि आपल्यापेक्षा नडलेले कुणीतरी असतील, त्यांच्या तोंडचं आपण का घ्यावं?"

महाराज म्हणाले, "या घरात पहिला खोटा उपास झाला, त्या दिवशी यायचं होतंस. आपल्या पानातलं लेकराच्या पानात सरकवलंस, त्या दिवशी. मडकं रिकामं होईपर्यंत थांबायचं, असं कुणी सांगितलं? कोठी काही मेल्यावर तोंडात घालायच्या तुळशीपाण्यासाठी नाही."

त्यांनी झोळीतून पीठ काढून तिच्यापुढे ठेवलं. चूल पेटली. पहिली भाकरी तव्यावरून उतरली तशी महाराजांनी बनूला मांडीवर घेतलं आणि भाकरी तिच्यापुढे धरली. मुलीनं आईकडे बघितलं. आईनं मान डोलावली, तेव्हा तिनं घास घेतला. भाकरी संपली आणि ती गप्प बसून राहिली. महाराज तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "माग की."

मग अगदी बारीक आवाजात बनू म्हणाली, "आई, अजून दे."

भागीरथीनं तोंड फिरवून डोळे पुसले आणि दुसरी भाकरी थापली. सासू जेवली. महाराजांनी डोळ्यांनी दटावल्यावर भागीरथी स्वतःही जेवली. तिघींची पोटं भरली आणि महाराजांनी तृप्तीची मोठी ढेकर दिली. दुपारपासून एक घासही न खाता, त्यांची भूक शांत झाली.

भागीरथीनं हात जोडून विचारलं, "महाराज, ते येतील का हो?"

"वाट बघ," महाराज म्हणाले. "पण उपाशीपोटी बघू नकोस. उपाशी माणसाला वाट आहे त्याहून लांब दिसते."

त्रिंबकशेट अजून दारातच उभे होते. पोटातली आग तशीच होती. तव्यावर शेवटची भाकरी फुगली होती आणि त्यांची नजर तिच्यावरून हलत नव्हती. महाराज म्हणाले, "त्रिंबका, तुझी भूक मागितल्याशिवाय जायची नाही. तुझाच नियम आहे. माग या माउलीजवळ. मोठ्यानं माग, आळीला ऐकू जाऊ दे."

शेटचे ओठ हलले. घशातून आवाज आला नाही. दाराबाहेर चार माणसं गोळा झाली होती. भागीरथीनं शेटच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड तिच्या ओळखीचं होतं. सकाळपासून ती स्वतः तसंच तोंड घेऊन वावरत होती. तिनं तव्यावरची भाकरी काढली, उंबऱ्याशी गेली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"त्यांना मागायला लावू नका महाराज," ती म्हणाली. "भूक दिसते की."

महाराजांनी डोळे मिटून घेतले, आणि त्यांचा चेहरा किती प्रसन्न झाला होता ते पाहणारे पुढे वर्षानुवर्षं सांगत. त्रिंबकशेटनी उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच ती भाकरी खाल्ली. ना मीठ, ना कोरड्यास. शेवटचा घास गेला आणि आग विझली.

दुसऱ्या दिवसापासून कोठीची पायरी मोकळी झाली. कुणी कधी येऊन काय नेलं, ते विचारायचं नाही असं ठरलं. ज्या घरात उपासाचे वार वाढल्याचं कानावर येई, त्या घराच्या दारात शेट स्वतः धान्य ठेवून येत. पण ही पुढची गोष्ट. त्या संध्याकाळी, गहिवरलेले शेट महाराजांच्या पायांवर पडायला पुढे झाले, तेव्हा महाराजांनी पाय मागे घेतले आणि भागीरथीकडे बोट केलं. आळीतले सगळे बघत होते. त्रिंबकशेटनी डोक्यावरची पगडी काढून खाली ठेवली, आणि त्या कोष्टिणीच्या उंबऱ्यावर कपाळ टेकलं.