मापाऱ्याचं चाळीस आणि सुतारणीचं चाळीस

“चौकट आखडलेली नाही, दारच मोठं झालं आहे,” असं सटवाजी मापारी म्हणाला, तेव्हा पाटलाची शेळीसुद्धा कोठारातून तोंड बाहेर काढून बघायला लागली.

भांडण सकाळपासून चाललं होतं. गावानं धान्याचं नवं कोठार बांधलं होतं. भिंती झाल्या, छप्पर झालं, चौकट बसली, आत रास येऊन पडली. दार मात्र बाहेर भिंतीला टेकून उभं होतं, कारण ते चौकटीत जात नव्हतं. बरोबर एका बोटानं रुंद होतं. शेळीला याचं काहीच दुःख नव्हतं. ती आत जायची, चार घास खायची, बाहेर येऊन भांडण ऐकायची आणि पुन्हा आत जायची.

दार केलं होतं ठकूबाई सुतारणीनं. नवरा गेल्यावर गावाचं सुतारकाम तीच करत होती. हातातल्या करवतीपेक्षा तोंडातल्या करवतीला दात जास्त, असं लोक तिच्याबद्दल म्हणायचे, अर्थात ती लांब गेल्यावर. पंचांनी तिला बजावलं की, ऊन उतरायच्या आत दार तासून बसव आणि चूक कबूल कर, नाहीतर गावाची सुतारकी शेजारगावच्या सुताराला देऊ. सुतारकी गेली म्हणजे सुगीला मिळणारं बलुत्याचं धान्य गेलं, आणि धान्य गेलं म्हणजे चूलच विझली. तरी ठकूबाई हलेना. दार तासायला वेळ लागत नाही, पण त्याच्याबरोबर माझं नाकही तासलं जाईल, असं तिनं पंचांना ऐकवलं.

या सगळ्याचं मूळ होतं एका लोखंडी गजात. पूर्वी जो तो आपल्या हातानं लांबी मोजायचा. त्यात घेणाऱ्याचा हात लांब निघायचा आणि देणाऱ्याचा आखूड. राजाला याचा कंटाळा आला. त्यानं गावोगाव दोन-दोन गज पाठवले, एक मापाऱ्याला आणि एक सुताराला. गजावर बोटाबोटावर रेघ होती, रेघेखाली आकडा होता आणि अगदी टोकाला शून्य होतं.

गज घेऊन आलेल्या शिपायानं विचारलं, हा कसा वाचायचा ते सांगू का? सटवाजी हसला आणि म्हणाला, बाबा रे, मापाऱ्याला माप शिकवतोस? शिपायानं गज त्याच्या हातात दिला आणि तो पुढे निघाला. ठकूबाईनं मात्र त्याला ओट्यावर बसवून घेतलं. कुठून धरायचा, कुठे वाचायचं, रेघ मोजायची की दोन रेघांमधली जागा, असं ती विचारतच राहिली. तो शिपाई पाणी न पिताच पुढच्या गावाला गेला म्हणतात. ज्याला येत नाही, त्याला विचारायची लाज वाटत नाही. ज्याला येतं असं गाव मानतं, त्याची पंचाईत होते.

सटवाजी लबाड नव्हता, हेही सांगायला हवं. धान्य पायलीनं मोजण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. पायलीवर एक दाणा जास्त राहिला तर फुंकून पाडायचा आणि कमी पडला तर वाकून उचलायचा. रीतीप्रमाणे पहिली पायली ओतली की तो ‘एक’ म्हणायचा नाही, ‘लाभ’ म्हणायचा. शुभ बोलून सुरुवात करावी म्हणून. मग दोन, मग तीन. बापानं शिकवलेलं, आज्यानं शिकवलेलं. तोच मोजण्याचा मान त्याला गजाचाही मिळाला. माप मापाऱ्यानं घ्यायचं, सुतारणीनं ऐकून कापायचं, असं गावानं ठरवून टाकलं.

तेव्हापासून गावात काहीच बसेनासं झालं. देवळातला पाट कोनाड्यात मावेना. पाटलीणबाईंच्या पेटीचं झाकण पेटीबाहेर टोपीसारखं डोकावायला लागलं. तेल्याच्या खिडकीची फळी खिडकीत जाईना, म्हणून तेल्यानं तिच्यावर जेवायला सुरुवात केली. लोक म्हणाले, सुतारणीचा हात सुटला. ठकूबाई धुसफुसत एकेक वस्तू तासून देत होती. पण तिच्या एक ध्यानात आलं होतं. प्रत्येक वस्तू एकाच बोटानं मोठी होती. अर्ध्यानं नाही, दोनानं नाही. सुटलेला हात इतका नेमानं चुकत नाही, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि कोठाराच्या दाराची वाट बघत बसली.

तर आता पंचांच्या सांगण्यावरून सटवाजीनं सगळ्यांसमोर चौकट पुन्हा मोजली. गज आडवा धरला आणि चौकटीच्या दुसऱ्या कडेला आकडा वाचला. चाळीस. मग ठकूबाईनं आपल्या गजानं दार मोजलं. तेही चाळीस.

पंच एकमेकांकडे बघायला लागले. पाटलांनी दोन्ही गज एकाला एक लावून पाहिले. तसूभरही फरक नव्हता. शेवटी एक पंच बराच विचार करून म्हणाला, “दोन्ही चाळीसच आहेत. पण सुतारणीचं चाळीस मापाऱ्याच्या चाळिसापेक्षा मोठं आहे.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. शहाणी माणसं एकत्र बसली की असंच होतं.

ठकूबाईचं लक्ष मात्र सटवाजीच्या अंगठ्याकडे होतं. गज लावताना त्यानं शून्याचं टोक चौकटीच्या लाकडावरच सोडून दिलं होतं आणि ‘एक’ची रेघ आतल्या कडेला धरली होती. धरताना ओठांतल्या ओठांत तो ‘लाभ’ही म्हणाला होता. तिनं विचारलं, शून्य का सोडलंत?

सटवाजीला तिच्या अज्ञानाची कीव आली. शून्य म्हणजे रिकामं, त्यानं समजावलं. शुभ कामाची सुरुवात रिकाम्यानं करायची नसते. नव्या कोठाराची चौकट मी शून्यावरून मोजू? गावाच्या तोंडात माती घालायची आहे का?

हे पंचांना एकदम पटलं. पाटील तर म्हणाले की, एवढं साधं बाईला कळू नये, मग दार कसं बसणार.

ठकूबाईनं ओळखलं की इथे वाद घालून उपयोग नाही. बापआज्यापासूनची रीत तोंडानं मोडत नाही. तिनं पदर खोचला आणि सरळ राशीपाशी जाऊन बसली. शेळीला ढकललं आणि पायली उचलली. म्हणाली, “सुतारकी जाणारच आहे, तर मापारकी शिकून घेते. पाटील, तुमचं पोतं धरा. तुमच्याच वाट्यापासून सुरुवात करते.”

पाटलांनी हसत हसत पोतं धरलं. बाई मोजायला बसलेली गावानं कधी पाहिली नव्हती, म्हणून सगळे जवळ आले. ठकूबाईनं रिकामी पायली राशीला नुसती टेकवली आणि मोठ्यानं म्हणाली, “लाभ.” मग पायली भरली, पोत्यात ओतली आणि म्हणाली, “दोन.”

पाटलांचं हसू जागच्या जागी सुकलं. “ठकूबाई, पहिली कुठे गेली?”

“म्हटलं की लाभ.”

“म्हटलंस, पण पोत्यात कुठे आली?”

“शुभ बोलून सुरुवात केली, पाटील. शुभ बोलायला दाणे कशाला लागतात?”

पाटील पोत्यात हात घालून चाचपायला लागले. पण त्यांच्याआधी सटवाजीच खवळला. त्यानं तिच्या हातातून पायली हिसकून घेतली. त्याच्या धंद्यात याहून मोठं पाप नव्हतं. “रिकामी पायली लाभ म्हणून मोजतेस? आधी रिकामी घ्यायची, मग भरायची, मग ओतायची, आणि मग लाभ म्हणायचं. पहिली पायली पोत्यात पडल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. न भरता लाभ म्हणणारा मापारी नव्हे, चोर.”

“असं होय,” ठकूबाई म्हणाली. तिनं लोखंडी गज त्याच्या मांडीवर ठेवला. शून्याच्या टोकावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “ही तुमची रिकामी पायली.” मग बोट हळूहळू सरकवत पहिल्या रेघेपर्यंत नेलं. “आणि ही इथे येऊन भरली.”

सटवाजीनं गजाकडे पाहिलं. मग पायलीकडे पाहिलं. मग पुन्हा गजाकडे. तो उठला, चौकटीपाशी गेला आणि उभ्या गावासमोर शून्याचं टोक आतल्या कडेला लावलं. दुसऱ्या कडेचा आकडा त्याच्यानं वाचवेना. पाटलांनी वाकून वाचला. एकोणचाळीस.

दार त्याच संध्याकाळी बसलं. चूक कुणाची ते ठरल्यावर ठकूबाईनं ते मुकाट्यानं तासून दिलं. तिनं मुकाट्यानं केलेलं हे एवढंच काम गावाला आठवतं. शेजारगावच्या सुताराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. तेल्यानं मात्र आपली फळी तासून घ्यायला नकार दिला, तिच्यावर जेवण बरं लागतं म्हणून. शेळी बंद दाराला शिंगं घासत बसली. त्या दिवशी खरं नुकसान झालं ते तिचंच.

पण दार बसायच्या आधी आणखी एक झालं. मान एका फटक्यात मोडत नसतो. सटवाजीनं गज खाली ठेवला आणि हळू आवाजात शेवटचं म्हणून पाहिलं की, काही झालं तरी सुरुवात शून्यानं करायची म्हणजे जिवावर येतं. त्यावर ठकूबाई एकच वाक्य बोलली आणि सकाळपासूनचं भांडण तिथेच संपलं. वेगळा बोध शोधत बसायला नको, तेच वाक्य घरी न्यावं.

तात्पर्य: “सटवाजीबुवा, रिकामं माप हातात धरल्याशिवाय ते भरता येत नाही, आणि भरल्याशिवाय लाभ म्हणता येत नाही.”