मुक्या तळ्याचे खडे

मोहतळीच्या शिवारात पाय ठेवाल तिथे तांबडा मुरूम. नदी चार कोस लांब. तरी तळ्याच्या काठावर, महादेवाच्या शिळेशेजारी, माणसाच्या छातीएवढी एक रास आहे आणि ती सगळी नदीतल्या गुळगुळीत खड्यांची आहे. प्रत्येक खडा सुपारीएवढा. वेशीच्या कमानीपासून त्या राशीपर्यंत अर्ध्या तासाची पायवाट आहे आणि ती तोंडात खडा धरून, एक शब्द न बोलता चालायची, असा गावाचा रिवाज आहे. सरपंच असो, साहेब असो, नवरदेव असो, सुटका कुणाची नाही.

या कमानीत वाटाडी म्हणून गिरजाबाई कोडापे बसते. सदुसष्ट वर्षांची बाई, पण आवाज असा की तळ्यापलीकडचा गुराखी वळून पाहतो. त्या दिवशी पुण्याची बस आली होती. सकाळी चांद्याचा परकोट, मग कोरीव खांबांचं देऊळ, आता मोहतळीचं तळं आणि तीन वाजता वाघाची सफारी, असा त्यांचा भरगच्च कार्यक्रम. उतरल्या उतरल्या सगळे एकदम बोलायला लागले. स्वच्छतागृह कुठे आहे? वाघ नक्की दिसतो ना? इथे रेंज का नाही? त्यातले खांबेटेकाका, निवृत्त इंजिनिअर, खड्यांच्या टोपलीत डोकं घालून म्हणाले, "हे धुतलेले आहेत का?"

"उकळून ठेवते जी," गिरजाबाई म्हणाली. "पन आधी बसा. गोष्ट आयकल्याबिगर खडा भेटत नाही."

"किती वेळाची आहे गोष्ट? आम्हाला तीनला पोचायचंय."

गिरजाबाईने कपाळावर हात मारला. रोज हेच! वाघ बघायला चौदा-पंधरा तास बसमध्ये बसतील, पण ज्या बाईमुळे ही वाट उरली तिच्यासाठी यांच्याकडे घटकाभर नाही. "तुमी बोलनं थांबवलं की लवकर संपते," ती म्हणाली आणि पदर खोचून तिने सुरुवात केली.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. चांद्याला राजा होता तेव्हाची. शहराच्या परकोटाबाहेर वाटाड्यांची वस्ती होती. शहरातल्या हौशी यात्रेकरूंना देवळं दाखवायची, जंगल पार करून मोहतळीच्या महादेवाला न्यायचं आणि सुखरूप परत आणायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. तीन दिवस जायला, तीन यायला. त्या वस्तीत जैतुबाई नावाची वाटाडी होती. तिचा बाप कोंडूही वाटाड्याच. एका वर्षी त्याच्या यात्रेतला एक माणूस मागे राहिला तो राहिलाच. चार दिवस शोधला, सापडला नाही. कोंडूला कुणी बोल लावला नाही; पण त्या दिवसापासून तो दारात बसला तो बसलाच, जंगलाकडे पाहत. जैतुबाईने ते पाहिलं आणि शपथ घेतली. जितके नेईन तितके परत येतील. ते आले तरच मी बापाच्या घराचा उंबरा ओलांडीन, नाहीतर नाही. असं सांगतात की तेरा वर्षं तिने ती शपथ पाळली. एकदाही माणूस कमी झाला नाही.

चौदाव्या वर्षी चैत्र सरता सरता तिच्या पदरी अकरा जण पडले. आणि देवा रे देवा, काय ते अकरा! दोन जावा होत्या, त्यांचं भांडण चांद्याच्या वेशीत सुरू झालं ते पहिल्या मुक्कामापर्यंत आटपेना. एक भजनीबुवा होते, त्यांना झाड दिसलं की अभंग सुचायचा, आणि जंगलात झाडांना काय तोटा! पण सगळ्यांवर कडी म्हणजे रंगोपंत दप्तरदार. राजाच्या कागदपत्रांचा कारभार त्यांच्याकडे, त्यामुळे जगात आपल्याला माहीत नाही असं काही असू शकतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. जैतुबाईने साग म्हटलं की ते ऐन म्हणणार. तिने उजवीकडे म्हटलं की "डावीकडून जवळ पडेल" म्हणणार. आणि दर शंभर पावलांना एकच प्रश्न, "अजून किती?"

वाटाड्यांची एक रीत होती. जंगलातली वाट जाताना वेगळी दिसते आणि येताना वेगळी. म्हणून प्रत्येक वळणावर यात्रेकरूंना थांबवायचं, मागे वळायला लावायचं आणि खूण दाखवायची. येताना हे जुळं मोह समोर दिसेल, तिथून डावा हात धरायचा. येताना हे वारूळ आधी लागेल, मग नाला. जैतुबाई कानीकपाळी ओरडून सांगायची, "मांगं पाहा जी! एकदा तरी मांगं पाहा!" जावा भांडत पुढे जायच्या. बुवा डोळे मिटून ताना घ्यायचे. पंत म्हणायचे, "अहो बाई, तुम्ही आहात ना न्यायला आणायला? आम्ही कशाला लक्षात ठेवायचं?"

बिचारीच्या नाकी नऊ आले. दुसऱ्या दिवशी तर ती एकेकाचा खांदा धरून त्याला मागे वळवायला लागली. "हे पाहा पंत, फुटकं टेंभुर्णीचं झाड. काय सांगितलं मी? म्हना!" पंत वैतागून म्हणायचे, "फुटकी टेंभुर्णी, फुटकी टेंभुर्णी! पाठ झाली एकदाची!" आणि मनात म्हणायचे, या बाईच्या तोंडाला काही विसावा आहे की नाही.

"एक मिनिट," खांबेटेकाका म्हणाले. "हे कोणत्या राजाच्या काळात? सन काय?"

खांबेटेकाकूंनी नवऱ्याला कोपर मारलं. गोष्ट पुढे निघाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी यात्रेने नदीचं उन्हाने आटलेलं पात्र ओलांडलं. पुढे तळ्यापर्यंत पाणी नव्हतं आणि तुंब्यांमधलं पाणी या मंडळींनी बोलून बोलून घसा कोरडा पडला म्हणून आधीच संपवलं होतं. बरं, पात्रातल्या ओलसर वाळूत जैतुबाईला वाघिणीची पावलं दिसली आणि त्यांच्या आजूबाजूला दोन पिल्लांची. रोख तळ्याकडे. उन्हाच्या दिवसांत वाघीणही पाण्यालाच जाणार, ते काही तिला यात्रेकरूंनी शिकवायला नको होतं. तळ्यावर गेल्याशिवाय इलाज नाही, आणि या गोंगाटासकट गेलो तर पिल्लांची आई काय करील ते सांगायलाही नको.

तिने हात जोडले. "पुढं पिल्लांची वाघीन आहे. आजचा एक दिवस तोंड बंद ठेवा. पाया पडते." जावा म्हणाल्या, आधी हिला सांगा. बुवा म्हणाले, देवाचं नाव घ्यायला कसली बंदी? पंत म्हणाले, वाघ आवाजाला घाबरतो, हे सर्वश्रुत आहे.

तेव्हा जैतुबाईने हात टेकले. गुराखी तहान मारायला तोंडात खडा धरतात, हे तिला ठाऊक होतं. तिने नदीतून बारा खडे निवडले आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा ती यात्रेकरूंशी खोटं बोलली. म्हणाली, "मोहतळीच्या महादेवाचा नेम आहे. तोंडात नदीचा खडा धरून, न बोलता जो जातो त्यालेच दर्शन फळते. खडा पडला का यात्रा वाया." समजावून जे जमलं नाही ते पुण्याच्या लोभाने झालं. अकराही तोंडं मिटली. बाराव्या तोंडात तिने स्वतः खडा धरला. आणि म्हणे त्या वाटेने चालताना त्या लोकांना पहिल्यांदा जंगल ऐकू आलं. पाचोळा, पिंगळा, लांबवर सांबराची हाक. धाकट्या जावेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि थोरलीने न बोलता तिचा हात धरला.

तळं दिसलं तेव्हा भर दुपार होती. पलीकडे उथळ पाण्यात वाघीण बसली होती, पिल्लं करवंदीच्या सावलीत झोपलेली. जैतुबाईने तळहात दाखवला. सगळे थांबले. तिने बोटाने मागे खडकाची आड दाखवली आणि एकेक पाऊल मागे घेत दहा जण आडोशाला गेलेही. वाघिणीने कानसुद्धा हलवला नव्हता. थोडं थांबलं असतं तर ती पिल्लं घेऊन आपल्या वाटेने गेली असती.

पण पंतांना राहवेना. त्यांनी खडा हातात काढला आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "अहो बाई, ही मादी नव्हे. हा नर आहे."

वाघीण उठली.

आता काय म्हणावं या माणसाला? तीन दिवस या बाईने काय काय सोसलं होतं! पण त्या क्षणी तिने पंतांना शिवी दिली नाही. तिने खुणेने त्यांना खाली बसवलं, तोंडातला खडा त्यांच्या पायापाशी थुंकला आणि विरुद्ध दिशेला, टेकडीकडे चालू लागली. धावली नाही. चालली आणि ओरडत चालली. तीन दिवस पोटात साठलेलं सगळं तिने बाहेर काढलं. "ओ पंत! किती डाव सांगितलं तुमाले, मांगं पाहा म्हनून! बुवा, थ्या जुळ्या मोहापाशी तुमी डोळे मिटून उभे होते, ध्यानात ठेवा! ओ बायांनो, वारूळ आधी, मंग नाला! भांडत जाऊ नका, चुकसान! टेंभुर्णीपासून उजव्या हाताले! आयकून राहिले का कोनी?"

वाघीण त्या आवाजामागे निघाली. अकरा जणांनी तिला पाठमोरी जाताना पाहिलं. बाईचा आवाज टेकडी चढला, माथ्यावर गेला, पलीकडे उतरला. किंकाळी कुणी ऐकली नाही. आवाज लांब लांब गेला, इतका की तो नेमका केव्हा ऐकू यायचा थांबला, हे त्या अकरांपैकी कुणालाही कधी सांगता आलं नाही.

ऊन कलेपर्यंत ते बसून राहिले. ती आली नाही. मग पाणी प्यायले आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच परत फिरले. वाट दाखवायला कुणी नव्हतं. पण वळण आलं की कुणाला ना कुणाला तिचं ओरडणं आठवायचं. वारूळ थोरल्या जावेला आठवलं. जुळं मोह बुवांना. फुटक्या टेंभुर्णीपाशी सगळे घुटमळले, तेव्हा पंतांनी उजवा हात वर केला. बोलले मात्र नाहीत. त्यांच्या तोंडात खडा होता. स्वतःचा नव्हे, तिने पायापाशी टाकलेला. तीन दिवस त्यांनी तो जेवणापुरताच काढला.

चांद्याला कोणीही आपल्या घरी गेलं नाही. अकराही जण कोंडूच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हाताऱ्याने माणसं मोजली. दोनदा मोजली. त्यांच्या मागे पाहिलं. त्याला समजलं.

पंतांनी तोंडातला खडा काढून त्याच्यापुढे धरला. "बाबा," ते म्हणाले, "चूक माझी. आम्ही सगळे आलो. ती नाही आली."

कोंडूने खडा हातात घेतला. मग म्हणाला, "सगळे आले ना? मंग तिची शपथ पुरी झाली. बाहेर कायले उभं केलं तिले? घरात आना." आणि त्याने स्वतःच्या हाताने तो खडा उंबऱ्याच्या आत नेला.

पुढच्या वर्षी म्हाताऱ्याच्याच सांगण्यावरून पंतांनी तो खडा मोहतळीला नेला, कारण वाटाडीचं मन घरात फार दिवस रमायचं नाही. शिळेशेजारी ठेवला. बरोबरच्या दहांनी आपापले खडे त्याला लावून ठेवले. रास तिथून वाढत गेली.

गिरजाबाई थांबली. मग खांबेटेकाका खाकरले. "गोष्ट छानच आहे. पण मला सांगा, इतक्या लांबून ती वाघीणच होती कशावरून?"

सगळी बस त्यांच्याकडे वळून पाहायला लागली. गिरजाबाईने टोपलीतून एक मोठासा खडा निवडला आणि त्यांच्या हातावर ठेवला. "घ्या जी. हा तुमचाच."

मंडळी गप्प चालली. राशीपाशी पोचल्यावर खडा ठेवायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, हे गिरजाबाईने निघतानाच सांगितलं होतं. ते ज्याने सगळ्यांत जास्त बडबड केली त्याने बोलायचं, म्हणून सगळ्यांनी काकांकडे बोट दाखवलं. काकांनी बोलण्याआधी मागे वळून पाहिलं. माणसं मोजली. पुन्हा मोजली. काकू नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणून त्या अर्ध्या वाटेवर दगडावर बसल्या होत्या, आणि न बोलण्याचा नेम म्हणून त्यांनी हाक मारली नव्हती.

काका खडा तोंडात तसाच ठेवून परत गेले. अडीच वाजून गेले होते. सफारीचं नाव कुणी काढलं नाही, काढणार कसं? सगळे उन्हात उभे राहून वाटेकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने काका काकूंचा हात धरून, त्यांच्या पावलाने येताना दिसले. राशीपाशी आल्यावर त्यांनी खडा ठेवला.

"जैतुबाई," ते म्हणाले, "आम्ही सगळे आलो."

आजही त्या राशीपुढे पहिलं वाक्य हेच बोलतात, आणि मागे वळून पाहिल्याशिवाय ते कुणी बोलत नाही.