जगाचा इतिहास, वारुळापुरता

फार पूर्वी, माणसांना शाळा सुचायच्याही आधी, मुंग्यांची एक शाळा होती. तिथे जगाचा इतिहास एका दमात संपायचा: जग म्हणजे आपलं वारूळ आणि पुढचीच्या वासामागे चालणं म्हणजे संस्कृती.

"गुरुबाई, मधमाश्या सूर्य बघून घर शोधतात म्हणे. ते कधी शिकवणार?" चिरमीने विचारलं.

"परक्यांची थेरं शिकून काय दिवे लावणार आहेस? चालती हो!"

चिरमी निघाली ती शाळेकडे परत फिरकली नाही. सूर्याची वाट तिने मधमाशीकडूनच शिकून घेतली.

पुढे एका वादळाने वाटेवरचा जुना वास पुसला. रांग भरकटली आणि तिचं तोंड तिच्याच शेवटाला जाऊन भिडलं. मुंग्या उपाशीपोटी गोल गोल फिरत मरू लागल्या. त्यांत चिरमीची धाकटी बहीणही होती.

"रांग सोड! घर मावळतीकडे आहे!" चिरमी ओरडली.

"बाई रागावतील गं," बहीण धापा टाकत म्हणाली. चिरमीने तिला पायाला धरून फरफटत बाहेर ओढलं.

"कार्टी वाया गेली!" रांगेत चालता चालता गुरुबाई कडाडल्या. मग मान खाली घालून त्यांनी रांगेनेच सोडलेला ताजा वास हुंगला आणि अभिमानाने म्हणाल्या, "बघा, किती थोर मुंग्या आपल्याआधी याच वाटेने गेल्यात!"