चेअरमनसाहेबांचा क्लच

दूध संस्थेचे चेअरमन हिंदुराव यांच्या जुन्या मोटारसायकलचा क्लच दाबला, की ठण्ण असा आवाज यायचा. मेहुणीच्या लग्नाला बायकोला मागं बसवून निघताना त्यांनी गाडी इलाही मिस्त्रीच्या दारात उभी केली.

मिस्त्रीनं क्लच दाबला. आवाज नाही. हिंदुरावांनी दाबला. ठण्ण!

"मग मी काय खोटं बोलतो? आवाज शोध, नाहीतर तुझं हे दुकानाचं खोकं इथनं उचलायला लावतो!"

मिस्त्री घाबरून इंजिन खोलायला बसला. तिकडं अक्षता पडायची वेळ झालेली; हिंदुरावांच्या बायकोचा, मंगलबाईंचा जीव नुसता वरखाली होत होता.

"अहो, ते हातातलं सत्कारात मिळालेलं चांदीचं कडं काढा आणि आता दाबा बघू."

हिंदुरावांनी दाबला. आवाज नाही. कडंच हँडलवर आपटत होतं.

"गाडी गप्पच आहे," मंगलबाई म्हणाल्या, "वाजतोय तो तुमचा मोठेपणा. तो खिशात घाला आणि चला!"