भिंतीतलं घरटं आणि भाजीचा टेम्पो

गाड्यांना बोलता येत होतं आणि पाखरांना ते समजत होतं, त्या काळची ही गोष्ट. एका अरुंद गल्लीत, दगडी भिंतीच्या भोकात साळुंकीचं घरटं होतं. आत तीन पिल्लं होती. त्या भिंतीलगत गाडी लावायची नाही आणि उभी गाडी चालू ठेवायची नाही, असं गल्लीतल्या गाड्यांनी मिळून ठरवलं होतं.

एके सकाळी भाजीचा टेम्पो नेमका तिथेच थांबला. त्याच्या सायलेन्सरचा काळा धूर भोकात शिरू लागला, तशी साळुंकी घाबरून त्याच्या टपावर जाऊन बसली.

"टेम्पोदादा, जरा पुढे व्हा. नाहीतर इंजिन तरी बंद करा. पिल्लं गुदमरतायत."

"अगं बाई, बंद केलं की मी लवकर सुरू होत नाही. आणि मी काय इथे मुक्कामाला आलोय? हा निघालोच."

त्यानंतर तो रोज येई, हेच म्हणे आणि पोती उतरेपर्यंत धडधडत राही. साळुंकी भोकाच्या तोंडाशी पंख पसरून बसे. पण धूर का पंखांनी अडतो? पिल्लांचा चिवचिवाट दिवसेंदिवस मंदावत गेला.

पाचव्या सकाळी साळुंकी भिंतीवर गप्प बसून होती. ती भांडायला आली नाही, हे पाहून टेम्पो वरमला. त्याने इंजिन बंद केलं. भोकातून काहीच आवाज येत नव्हता.

"बाई, आज बंद केलंय हं," तो हळूच म्हणाला.

"आता चालू ठेवलंत तरी चालेल, दादा," साळुंकी म्हणाली आणि उडून गेली.