घाळीशेठची नोटीस

"पण आशीर्वाद द्यायला एवढा विचार कसला करताय, अप्पाजी? पोस्टाची खिडकी अर्ध्या तासात बंद होते!"

वीरभद्र घाळी मठाच्या ओसरीवर बसायला तयार नव्हता. बाहेर रिक्षा सुरूच ठेवली होती. गडहिंग्लजात त्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान. आपल्याला आजवर कुणी टोपी घातली नाही, हे तो व्यापारी संघाच्या प्रत्येक सभेत सांगे. विषय पत्रिकेवर असो वा नसो. आणि आता दुंडाप्पा नूलकरने दिलेला एक लाख ऐंशी हजारांचा चेक बँकेतून परत आला होता.

अप्पाजी, म्हणजे मठाचे म्हातारे स्वामी, पूजेसाठी बेलाची पानं निवडत होते.

"आज नोटीस गेली नाही तर मुदत संपली! मग केसच उभी राहत नाही. मी कंपनीला पैसे भरले नाहीत, तर ऐन हंगामात माल बंद. दुकानाला कुलूप, अप्पाजी!"

"वकील काय म्हणाला?"

"वकील कशाला? मीच लिहिली. चार पानं!"

"वाच."

त्यानं वाचली. पहिल्या पानावर दुंडाप्पाची नियत होती. दुसऱ्यावर त्याचं घराणं. तिसऱ्यावर दुंडाप्पाच्या मुलीच्या लग्नात घाळींनी दिलेला मिक्सर, किमतीसह. चौथ्या पानावर आवाज इतका चढला, की रिक्षावाला आत डोकावून गेला.

"झकास," स्वामी म्हणाले. "पैसे कुठं मागितलेत?"

"म्हणजे काय? हे काय, इथं..."

त्यानं पानं उलटली. पुन्हा सुलटी केली...

मिक्सरचे रुपये होते. चेकचे नव्हते.

स्वामींनी पेन पुढे केलं. वीरभद्रने तिथंच उभ्या उभ्या चेकचा नंबर, रक्कम आणि 'एवढे पैसे द्यावेत' असं लिहून पुन्हा सही ठोकली आणि नोटीस खिशात घातली.

"वाचलो, अप्पाजी! थोडक्यात वाचलो! आता येऊ देच त्या दुंड्याला दुकानात. मग बघतो त्याच्याकडे!"

"समज, आला."

स्वामी उठले. मूठभर बेलाची पानं घेतली, मान खाली घातली आणि दारातून आत आल्यासारखे येऊन उभे राहिले.

"शरणार्थी, घाळीशेठ," त्यांनी लिंगायती नमस्कार केला.

वीरभद्र बोट उगारून पेटलाच.

"या! या, नूलकर! लाज वाटत नाही तोंड दाखवायला? हा चेक बघा! बँकेत भरल्या रांगेत काउंटरवरच्या पोरीनं मोठ्यांदा सांगितलं, 'काका, खात्यात पैसे नाहीत.' तुमच्या खात्यात! पण सगळे बघत होते कुणाकडे? माझ्याकडे!"

स्वामींनी पानांचा हात पुढे केला.

"थांबा, माझं संपलं नाही! संघाच्या सभेत परवा तो चौगुला हसला. माझ्याकडे बघून हसला!"

हात तसाच पुढे होता.

"तुमचे वडील देवमाणूस. आणि तुम्ही?..."

म्हाताऱ्याचा हात, किती वेळ धरणार? मग तो हळूच मागे गेला. स्वामींनी पानं परडीत ठेवली आणि ते खाली बसले.

वीरभद्रने दम घेतला. चेहरा उजळला होता.

"कसं काय, अप्पाजी? जिरली ना त्याची?"

"दुंडाप्पा पैसे घेऊन आला होता."

"कधी?"

स्वामींनी परडीतल्या पानांकडे बोट दाखवलं.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला.

"मग... नोटीस पाठवू ना?"

"पळ की. मुदत जाईल."

वीरभद्र पळाला. पायरीवर हाक आली, "वीरभद्रा..."

तो वळला. डाव्या मुठीत चेक घट्ट धरलेला, उजव्या हाताचं बोट अजून उगारलेलंच.

"तो खरंच आला, तर घेणार कुठल्या हातानं?"