चूल विझवणारे प्रथिन

एकदा एका सहकारी दूधसंघात दही लागेनासे झाले. विरजणातले जीवाणू विषाणूंना बळी पडत होते आणि टाक्यांमधले दूध फुकट जात होते. विषाणूंना पुरून उरेल असे विरजण शोधण्याचे काम रेवणसिद्ध नावाच्या संशोधक विद्यार्थ्याकडे आले.

त्याला जीवाणूंचे एक वाण सापडले, पण त्यातल्या एका प्रथिनाचे वर्तन विपरीत होते. विषाणू पेशीत शिरला की ते प्रथिन जागे होई. पेशी ज्या द्रव्याच्या आधारे अन्नातून ऊर्जा मिळवते, त्याचाच ते फडशा पाडी. चयापचय थांबे, पेशी मरे. रेवणने भरपूर विषाणू ओतून पाहिले, तर पात्रातल्या सगळ्या पेशी विषाणू वाढण्याआधीच मेल्या.

हे प्रथिन घरभेदी आहे असे ठरवून त्याने त्याचे जनुक काढून टाकले. आता पेशी थोडा अधिक वेळ तगू लागली. समाधानाने तो आपल्या वृद्ध गुरू टिपणीसबाईंकडे गेला.

बाईंनी दोन चंबू घेतले. एकात मूळ वाण, दुसऱ्यात रेवणने सुधारलेले. दोहोंत त्यांनी विषाणूंचा एकेक विरळ थेंब सोडला.

"बाई, एवढ्याशा थेंबाने काय कळणार?"

"साथ कधी घागरीने येते का? जा, जेवून ये."

तो परतला तेव्हा सुधारलेल्या वाणाचा चंबू पाण्यासारखा नितळ झाला होता. एकही पेशी शिल्लक नव्हती. मूळ वाणाचा चंबू मात्र गढूळ होता, जीवाणूंनी गजबजलेला. रेवणने तो पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिला.

बाई म्हणाल्या, "विषाणूला वाढायला पेशीचीच ऊर्जा लागते. तू घागरभर ओतलेस, तेव्हा प्रत्येक पेशी ग्रासली गेली. वाचायला कुणी उरलेच नाही. या गढूळ चंबूत आधी मोजक्याच ग्रासल्या. त्यांनी आपली चूल आपणच विझवली. विषाणू आत उपाशी राहिला, शेजारणीपर्यंत पोचलाच नाही. जगण्याची आणि मरण्याची दोरी एकाच प्रथिनाच्या हाती आहे, रेवण. तू एकट्या पेशीचे आयुष्य मोजलेस. वसाहतीचे मोजायचे राहिले."

रेवण खाली मान घालून म्हणाला, "म्हणजे मी जनुक काढले, ती चूक झाली."

"चूक कसली? तू काढलेस म्हणून तर ते काय करते हे सिद्ध झाले. हा नितळ चंबू तुझाच पुरावा आहे."

मूळ वाणाचे विरजण दूधसंघात गेले. दुसऱ्या दिवशी एकूण एक टाकीत दही लागले होते. रेवणने त्यात चमचा उभा केला. तो तसाच उभा राहिला. शेजारी बाई वाटी घेऊन थांबल्या होत्या.

कुणाचे जाणे व्यर्थ होते की नाही, हे मागे राहिलेल्यांकडे पाहिल्यावाचून ठरवू नये.